एकशे दहा पौंड

माझी बहीण कूका माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, आणि अंगानं माझ्या दुप्पट नसली तरी त्याच्या जवळपास. तिचं खरं नाव रेफुहिओ, पण त्या नावानं तिला फक्त चर्चमधले पाद्री हाक मारायचे. लहानपणी गल्लीतली पोरं तिला पिंप म्हणत, बटाट्याचं पोतं म्हणत. सांगायला लाज वाटते, पण त्यातली बरीचशी नावं मीच त्यांना सुचवलेली होती.

मी आंपारो. अठराव्या वर्षी आमच्या वस्तीच्या जत्रेत मला राणी म्हणून निवडलं होतं. कागदी फुलांनी सजवलेल्या ट्रकवर बसवून आमच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावच्या बाजारातून माझी मिरवणूक निघाली. ट्रकवर चढता-उतरताना माझ्या झग्याचा घोळ धुळीला लागू नये म्हणून तो उचलून धरायला कूकाला नेमलं होतं. त्या दिवशीचा फोटो आईनं समोरच्या खोलीत लावला होता. घरी कोणी आलं की आई आधी तो फोटो दाखवायची आणि मग बसायला सांगायची.

त्याला तेवीस वर्षं झाली. माझा नवरा एवोदिओ कामासाठी म्हणून मोंतेर्रे शहरात गेला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग महिन्यातून एकदा, मग फक्त नाताळला. सहा वर्षांपूर्वी मी माझं शिलाई मशीन उचललं आणि आईकडे राहायला आले. कूका तिथंच होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती गाड्यांचे सीटबेल्ट शिवायच्या कारखान्यात जायची, तो कारखाना बंद पडला, आणि ती पलीकडे जायला लागली.

पलीकडे म्हणजे नदीच्या पलीकडे, अमेरिकेत. मावशी सान अँटोनिओला असल्यामुळे आम्हा दोघींकडे येण्याजाण्याचा व्हिसा होता. पूल ओलांडून पंधरा मिनिटं चाललं की प्लाझ्मा घेणारं केंद्र लागतं. दंडातून रक्त घेतात, मशीन त्यातलं पिवळं पाणी वेगळं काढतं आणि लाल भाग पुन्हा दंडात सोडतं. त्या पिवळ्या पाण्यापासून म्हणे आजाऱ्यांसाठी औषधं बनतात. आठवड्यातून दोनदा जाता येतं आणि मोबदला एका कार्डावर जमा होतो. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं जायची. कोपराच्या खोबणीत सुईचा वण असणं ही काही लपवायची गोष्ट राहिली नव्हती.

तिथला एक नियम मात्र मला फार लागला. अंगानं जितकं जड माणूस, तितकं जास्त पाणी काढतात आणि तितके जास्त पैसे देतात. कूका एकशे ब्याऐंशी पौंडांची, सगळ्यात वरच्या वर्गात. आणि एकशे दहाच्या खाली असलेल्याला दारातूनच परत पाठवतात.

मी एकशे सात होते.

जुलैमध्ये कूकानं आईसाठी कूलर आणला. तो खिडकीत बसवायचा तर खिडकीवरचा माझा मिरवणुकीचा फोटो काढावा लागणार होता. मेकॅनिकनं फोटो काढून माझ्या हातात दिला. कूलर सुरू झाला, आई समोर खुर्ची ओढून बसली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"देवा, किती वर्षांनी मला घाम आला नाही," ती म्हणाली. "कूका, तुझ्या रक्ताचा वारा आहे गं हा."

शेजारची दोन्या चोले बघायला आली होती. ती आईला म्हणाली, "तोमासा, तुझी ही पोर म्हणजे दुभती गाय आहे."

कूका हसली. मी फोटो हातात धरून उभी होते. कुठं टांगू म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "ठेव ना सध्या कपाटावर, बघू नंतर." ते नंतर काही आलं नाही.

त्या रात्री खोलीत छान गारवा होता आणि मी एकटी जागी होते. कूका शेजारच्या खाटेवर घोरत होती. मी तिच्या त्या जाडजूड दंडाकडे बघत होते. आयुष्यभर ज्या अंगाला सगळे हसले, त्या अंगाचे आता पैसे मिळत होते. आणि माझं अंग, ज्याला ट्रकवर बसवून मिरवलं होतं, ते कुणालाच नको होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी कूकाला म्हटलं, "मी पण येते तुझ्याबरोबर."

तिला आनंद झाला, निदान मला तसं वाटलं. आदल्या दिवशी कलेजी खा म्हणाली, तळकट खाऊ नकोस म्हणाली, नाहीतर पाणी दुधासारखं गढूळ येतं आणि ते लोक तोंड वाकडं करतात. तिनं सांगितलं ते सगळं मी खाल्लं. सकाळी अर्धा लिटर पाणी प्यायले. पूल चालताना पोटात पाणी डुचमळत होतं.

वजनकाट्यापाशी ग्रिसेल्दा नावाची तरुण मुलगी होती, गोड बोलायची. तिनं आकडा बघितला आणि मान हलवली.

"बाई, एकशे आठ भरतंय. दोनानं राहिलं. थोडं अंगावर आलं की या परत."

माझ्यामागे कूका काट्यावर चढली. आकडा बघून ग्रिसेल्दानं टाळी वाजवली. "ये माझी राणी. तू आलीस की मला हिशेबच करावा लागत नाही, सरळ मोठी पिशवी."

आमच्याकडे दुकानदारसुद्धा बायकांना राणी म्हणतात, त्यात काही विशेष नाही. पण मला ते कानाखाली मारल्यासारखं लागलं. कूका मागं वळून म्हणाली, "माझ्यातले दोन पौंड काढून देता आले असते ना आंपारो, तर तिथल्या तिथं दिले असते." रांगेतली माणसं हसली. मीही हसले. मग दीड तास काचेबाहेरच्या खुर्चीवर बसून राहिले. आत कूका आरामखुर्चीत पाय लांब करून पडली होती, मूठ उघडत-मिटत होती, आणि शेजारच्या माणसाशी गप्पा मारत होती, जणू पार्लरमध्ये बसली आहे.

महिनाभर मी बळेच घास ढकलत जेवले. भात, राजमा, डुकराच्या चरबीत परतलेल्या भाकऱ्या. अंगाला काही लागलं नाही. उलट मशीनवर बसून रात्रंदिवस त्याच विचारानं एक पौंड कमी झाला.

वडील हयात असताना नदीवर मासे धरायला जायचे. त्यांची गळांची पेटी अजून पलंगाखाली होती. तिच्यात गळाला बांधायचे शिशाचे गोळे होते, बोराएवढे, पण हातात घेतले की जड. मी एक जुना जाड परकर घेतला आणि त्याच्या नेफ्यात आणि काठात गोळे शिवून टाकले. हे मला छान जमतं. गावभर मी लोकांच्या कपड्यांना अस्तर लावते, कुणाला बाहेरून टाका दिसत नाही.

या खेपेला काटा एकशे अकरावर थांबला.

"बघा, मनावर घेतलंत आणि झालं की नाही?" ग्रिसेल्दा म्हणाली.

डॉक्टरनं छाती तपासली, बोटातून थेंब घेतला, आणि मला खुर्ची मिळाली. सुई आत गेली. मशीन गरगरायला लागलं. नळीतून माझं रक्त जाताना दिसलं, आणि थोड्या वेळानं पिशवीत पिवळं पाणी जमायला लागलं, ताज्या तुपाच्या रंगाचं. रक्त परत येताना दंड गार पडला, ओठांना मुंग्या आल्या, तोंडात लोखंडाची चव आली. पण मी खरं सांगते, गेल्या सहा वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. कुणाला तरी माझ्या अंगातलं काहीतरी हवं होतं.

मग मान वळवून बघितलं. पलीकडच्या खुर्चीत कूका होती आणि तिची पिशवी माझ्या पिशवीपेक्षा मोठी होती. तेवढ्यानं सगळं नासलं.

पहिल्या पैशांत मी आईसाठी मऊ तळव्यांच्या चपला घेतल्या. आईनं पायात घालून बघितल्या. "छान आहेत," ती म्हणाली. "कूका, बघ गं, तुझ्या मापाच्या मिळाल्या तर तूही घे, दिवसभर उन्हातून चालतेस."

येताना पुलावर माझे पाय लटपटायचे. कूका मला कठड्याच्या सावलीच्या बाजूनं चालवायची आणि पूल संपला की लिंबू-तिखट लावलेले मक्याचे दाणे घेऊन द्यायची.

एकदा तिनं विचारलं, "वजन कसं काय वाढलं गं तुझं?"

"खातेय."

"हं," ती म्हणाली, आणि माझ्या परकराकडे बघितलं, की मला तसं वाटलं, आणि पुढं चालायला लागली.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी आई चर्चला गेली असताना कूकानं मला खोलीत बोलावून दार लावलं. ब्लाऊजची बटणं काढली आणि पाठ माझ्याकडे केली. खांद्याच्या फऱ्यावर निळाहिरवा हमिंगबर्ड गोंदलेला होता, अजून सुजलेला, कडेनं लाल.

"माझा हात तिथं पोचत नाही," ती म्हणाली. "मलम लावशील?"

"हे कुणी काढलं?"

"नासारिओनं. बाजारामागं त्याचं दुकान आहे गोंदायचं." मग म्हणाली, "आम्ही भेटतो. जून महिन्यापासून. आईला बोलू नकोस."

"आणि केंद्रात? चार महिने चालत नाही ना नवीन गोंदलेलं?"

"दर वेळी त्या मशीनच्या पडद्यावर प्रश्न येतो. मी नाही म्हणते. पाठीमागं कोण बघायला येतंय?"

पाच दिवस मी रोज तिला मलम लावलं. ती उशीत तोंड खुपसून नासारिओबद्दल सांगत राहायची. तो विधुर आहे. त्याला तिखट सोसत नाही. त्याला बारीक बायकांची भीती वाटते म्हणे, मोडतील अशी. हे सांगून ती इतकी हसली की खाट करकरली. माझं बोट त्या पक्ष्याच्या पंखावरून फिरत होतं आणि मनात येत होतं, हिला सगळंच कसं मिळायला लागलं? कूलर हिचा, आई हिची, राणी ही, आणि आता माणूसही हिचाच. माझ्या पाठीला शेवटचा हात कुणाचा लागला होता, ते मला आठवत नव्हतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी ते घडलं. रांगेत पंधरावीस माणसं होती. मी काट्यावर चढले, आकडा आला, ग्रिसेल्दानं लिहून घेतला. खाली उतरताना परकराचा काठ काट्याच्या कडेला अडकला. मी ओढला. टाका तुटला, आणि शिशाचे तीन गोळे फरशीवर पडून टकटक करत रांगेतल्या माणसांच्या पायांमधून गेले.

एका म्हाताऱ्यानं वाकून एक उचलला, चष्मा वर करून बघितला आणि मोठ्यानं म्हणाला, "अहो बाई, हा तर मोठ्या माशाचा आहे."

सगळी खोली हसली. ग्रिसेल्दानं हसू दाबायचा प्रयत्न केला पण तिला जमलं नाही. त्या सगळ्या हसण्यात एक हसणं मी लहानपणापासून ओळखत होते. मी वळून बघितलं. कूका भिंतीला टेकून हसत होती, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी काय बोलणार आहे हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. तोंडातून निघून गेलं असं मी म्हणणार नाही.

"मला काढणार ना," मी ग्रिसेल्दाला म्हटलं, "मग हिची पाठ पण बघा. महिन्याभरापूर्वी गोंदून घेतलंय. तुमच्या मशीनला खोटं सांगते."

आणि वर हेही म्हटलं, "आजाऱ्यांच्या औषधाचा प्रश्न आहे." हे बोलताना माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला होता.

कूकाचं हसू थांबलं. ती माझ्याकडे रागानं बघत नव्हती. नीट बघत होती, एखादी गोष्ट पहिल्यांदा दिसावी तशी. केंद्राचे साहेब आले, एका नर्सनं तिला आतल्या खोलीत नेलं. दहा मिनिटांत ती बाहेर आली. आम्हा दोघींची नावं कायमची काढून टाकली होती. मी काट्याला फसवलं म्हणून, आणि तिनं पडद्याला.

पूल आम्ही बरोबरच चाललो, कारण दुसरा रस्ता नव्हता. ती पुढं, मी चार पावलं मागं. परकराचा एक काठ जड होता, एक हलका, त्यामुळे तो तिरका लोंबत होता. मध्यावर आल्यावर ती न वळता म्हणाली, "आईला मी सांगते. तू बोलू नकोस."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण घरी जाऊन ती आईला एवढंच म्हणाली की केंद्रानं नियम बदललेत, आम्ही दोघी आता त्यात बसत नाही. आईनं दोन शिव्या अमेरिकेला दिल्या आणि विषय संपला.

कूकाला भाकऱ्यांच्या गिरणीत काम मिळालं. सकाळी सहापासून भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, गरम भाकऱ्या मोजून कागदात बांधायच्या. संध्याकाळी नासारिओ तिला मोटरसायकलवरून कोपऱ्यापर्यंत सोडायचा. ती माझ्याशी बोलायची, अगदी व्यवस्थित. मीठ दे. दिवा मालव. आईची गोळी झाली का. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही.

मी वाट बघत राहिले, की ती कधीतरी आईला सांगेल, निदान दोन्या चोलेला सांगेल, आणि मग मला तिचा उघड राग करता येईल. तिनं सांगितलं नाही. आई उठता-बसता म्हणायची, "बिचारी भट्टीत भाजून निघते, पण कुरकुर नाही." आणि मला कळलं की मी आता तिच्या चांगुलपणावर जळतेय. पैसा गेला तर तिनं माझ्याहून चांगली असणं हाती घेतलं, तेही फुकट. हे मला पैशापेक्षा जास्त झोंबलं.

दोन महिने असे गेले. डिसेंबरात एका दुपारी आई राजमा निवडत बसली होती, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. गोळे, गोंदण, म्हातारा, हसणं, आणि मी काय बोलले ते.

आईनं खडा काढून बाजूला ठेवला. "का केलंस?"

"मला तिचा हेवा वाटत होता."

"कूकाचा?" आईचा विश्वासच बसेना. "तुला? कूकाचा?" तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "हे तू तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस? मी काय करू त्याचं?" आणि ती पुन्हा राजमा निवडायला लागली.

मी तशीच उठून गिरणीवर गेले. कूका सुट्टी होऊन मागच्या दाराशी उलट्या बादलीवर बसली होती. तोंड लाल झालेलं, केसांवर पीठ. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मी त्या दिवशी तुझं नाव सांगितलं ते आजाऱ्यांसाठी नव्हतं. मी तुझ्यावर जळत होते. जुलैपासून. कूलर आला तेव्हापासून."

"माहितीये मला," ती म्हणाली.

"माहिती होतं?"

"अगं, बघायची मी तुझ्याकडे. कार्ड मी मुद्दाम टेबलावर टाकायची, तुझ्या मशीनशेजारी. तुला दिसावं म्हणून." तिनं फडक्यानं मान पुसली. "फोटो काढायला मीच सांगितलं होतं त्या मेकॅनिकला. कूलर शेजारच्या खिडकीत पण बसला असता."

तिनं फडकं खांद्यावर टाकलं.

"तू माझ्यावर जळावंस एवढं एकच मला पाहिजे होतं," कूका म्हणाली. "चौदा वर्षांची होते तेव्हापासून. तुझा तो झगा घाणेरडा जड होता आंपारो, आणि मागून सगळी पोरं मला हाका मारत होती. तू एकदा वळून बघितलं नाहीस. मग हे सुरू झालं आणि तुझं तोंड बघितलं मी, त्या काट्यापाशी. इतकं गोड वाटलं मला. घरी येऊन झोपताना तेच आठवायची."

"आणि गोळे? माहीत होते तुला?"

"पहिल्या दिवसापासून. चालताना टकटक वाजायचीस तू. सांगायला पाहिजे होतं मी. पुलावर एखाद्या दिवशी खाली पडली असतीस." तिनं केसांवरचं पीठ झटकलं. "पण सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस. मग माझी पिशवी कुणी बघितली असती?"

"आईला का नाही सांगितलंस?"

"तुला माझं मिंधं ठेवायला," ती म्हणाली. "ते पण बरं वाटत होतं. आता तूच सांगून बसलीस वाटतं."

मी मान डोलावली. तिनं बाजूची दुसरी बादली पालथी केली आणि पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसले. तिनं कागदातून दोन गरम भाकऱ्या काढल्या, मीठ भुरभुरलं, एक मला दिली. आम्ही खाल्ल्या. माफी मी मागितली नाही आणि तिनंही नाही. पण पाठीमागं भट्टीची ऊब होती आणि उठावंसं वाटत नव्हतं.

नव्या वर्षात नासारिओनं साल्तीयो शहरात दुकान घ्यायचं ठरवलं. कूका लग्न करून त्याच्याबरोबर जाणार होती. आईनं तीन दिवस रडून घेतलं, मग स्वतःच तिची भांडी बांधून दिली. कूकाच्या लग्नाचा पोशाख मी शिवला. एवढ्या मोठ्या मापाचा कपडा मी कधी शिवला नव्हता. दोन रात्री लागल्या, आणि अंगावर चढला तेव्हा ती खरोखर देखणी दिसत होती.

आरशासमोर ती मागून-पुढून फिरून बघत होती. मी गुडघ्यांवर बसून खालचा काठ सारखा करत होते, तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी म्हटलं, "कूका, मला पुन्हा तुझा हेवा वाटतोय."

ती आरशातच हसली. "खरंच? किती?"

"पुष्कळ."

"बरं झालं," ती म्हणाली. "डाव्या बाजूला जरा लांब वाटतंय का गं? बघ बरं."

मी बघितलं. तिचं बरोबर होतं, डावी बाजू बोटभर लांब होती. मी टाका उसवला आणि पुन्हा घातला.